शहाऐंशीच्या आत

कचेरीत तिला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे 'शहाऐंशीबाई' म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग एकदा साहेबांच्याच तोंडून समोर निसटलं, तिनं सहज "ओ" दिली, आणि तेव्हापासून राजरोस.

नाव पडलं ते एका आकड्यावरून. परदेशातून लहान मुलांचे कपडे येतात, तेव्हा त्यांच्यावर कर किती हे कपडा कुठल्या घरात बसतो त्यावर ठरतं. कायद्याच्या जाड पुस्तकात त्या घराला भारदस्त शब्द होता. ती आपली घरच म्हणे. ज्याची उंची शहाऐंशी सेंटिमीटरच्या आत, ते बाळ. बाळाला मुलगा-मुलगी नाही, सदरा-विजार नाही. सगळं एका घरात गुण्यागोविंदानं, आणि त्या घराचा कर हलका. शहाऐंशीच्या वर गेलं की मूल मोठं झालं. मग मुलाचं वेगळं, मुलीचं वेगळं, वरचं वेगळं, खालचं वेगळं, आणि कर चढा. म्हणून बाळकपड्यांचा कागद घेऊन कुणीही आलं की तिचा पहिला सवाल ठरलेला: "शहाऐंशीच्या आत की बाहेर?"

बंदरावरून माल सोडवून देणाऱ्या दलालाची ती कचेरी. दुसरा मजला, समोर गोदामांची रांग, खिडकीच्या काचेवर ट्रकांची धूळ. तिच्या टेबलावर एक भिंग, एक कात्री आणि गुंडाळून ठेवलेली पिवळी टेप. बाकीचे लोक पुस्तक उघडून कपडा बघत; ती कपडा हातात घेऊन डोळे मिटून घेई. अंगठा आणि तर्जनीत धरून कापड हलकंच ताणलं की तिला कळे, हे मागावरचं, उभ्या-आडव्या धाग्यांचं, की सुयांवर फासे घालत गेलेलं, विणीचं. मग पुढची उघड बघायची. उजवी बाजू डावीवर येऊन बटण लागलं तर मुलीचं, डावी उजवीवर आली तर मुलाचं. आणि काहीच कळेना, तर पुस्तक म्हणतं, मुलीचं धरा. नव्या माणसांच्या हे लक्षात राहत नसे, म्हणून तिनं दोन ओळी जुळवून दिल्या होत्या:

आधी विचारावी वीण, मग विचारावी उंची
नाही ओळख पटली, तर म्हणावी मुलीची

साहेब हसून म्हणत, "सरकारनं कायदा तुमच्याकडून लिहून घ्यायला हवा होता. निदान पाठ तरी झाला असता."

अठ्ठावीस वर्षं झाली होती. तिनं लिहिलेला आकडा कधी परत आला नव्हता. ती लिही, आणि साहेब न वाचता खाली सही करत.

अशी ही बाई. कुठलीही चिंधी पुढे टाका, तिची जागा सांगेल. तिचं स्वतःचं मात्र एक दुखणं होतं, आणि ते कुठल्या घरातलं हे पुरतं ठाऊक असून ती त्याला घराबाहेर ताटकळत ठेवत होती. त्या दुखण्याचं नाव विहीण.

लेकीची सासू. उंच, भरल्या अंगाची, हसली की भिंतीपलीकडचं माणूस "काय झालं?" म्हणून विचारेल अशी. लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान तिचं. लेक-जावई तिच्याजवळच राहत, आणि म्हणून नातही तिच्याजवळ. नात सव्वादोन वर्षांची, गालांनी गोल, डोळ्यांनी वाटोळी, घरात सगळे तिला ठकी म्हणत. ठकी सकाळी उठे ती त्या आजीच्या कुशीत, जेवे ती त्या आजीच्या हातून. शहाऐंशीबाईंच्या वाटणीला रविवार. तोही दहा ते एक. एक वाजला की ठकीला झोप येई, आणि तिला झोप लागायची ती जगातल्या एकाच मांडीवर.

नवरा गेल्यावर लेकीला तिनं एकटीनं वाढवलं होतं. ती लेक आता सासूला 'आई' म्हणे आणि हिला 'ए आई'. तो 'ए' एवढाच हिच्या वाट्याला जास्त आला होता.

ती नातीसाठी झबली शिवायची. मऊ धुतलेलं कापड, आतून शिवण दुमडलेली, कुठे टोचायला नको. विहीण ते दोन्ही हातांनी घ्यायची. "काय हो तुमचा हात! हे रोज नाही घालायचं, खराब होईल," म्हणून कपाटात जपून ठेवायची. आणि पुढच्या रविवारी ठकीच्या अंगावर दुकानातलं नवंकोरं काहीतरी. कपाटातल्या झबल्याला काय माहीत, बाहेर पोर वाढतेय. चार महिन्यांनी काढावं तर गळ्यातून डोकं जात नाही. "अगं बाई! राहूनच गेलं," विहीण म्हणायची, आणि खरंच हळहळायची.

ती वाईट असती तर बरं झालं असतं. वाईट माणसाचा राग करता येतो, राग चारचौघांत मांडता येतो. हेवा असा मांडता येत नाही. तो जिभेखाली ठेवावा लागतो, आणि वर चहा प्यावा लागतो. बसमधून परत येताना ओळी आपोआप जुळत, ती नको म्हणत असतानाही:

माझ्या लेकीची गं लेक, तिच्या मांडीवर निजे
माझ्या रिकाम्या हाताला, माझी नजरच लाजे

त्या बुधवारी दुपारी लेकीचा फोन आला. "ए आई, मी अडकलेय. सासूबाई माल बघायला बाहेर गेल्यात. आज ठकीला पाळणाघरातून तू आणशील?"

आणशील? तिनं भिंग तसंच उघडं टाकलं आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली. या वयात.

पाळणाघराच्या दारात एक चष्मेवाली बाई वही घेऊन बसली होती. "कुणाला न्यायला आलात?"

"ठकीला. मी आजी."

बाईनं मान वर केली, खाली केली. "आजी तर त्या उंच आहेत. रोज येतात."

"मी पण आजीच. आईची आई."

"थांबा हं." बाईचं बोट वहीवरून खाली उतरत गेलं. तिथे चौकटी होत्या: आई, बाबा, आजी, इतर. 'आजी'समोर विहिणीचं नाव, फोन, सही. बोट आणखी खाली गेलं. "हां, आहात की! 'इतर'मध्ये आहात."

चौकट एकच होती, त्यात नाव एकच मावणार होतं, यात कुणाचा दोष? हे तिला कळत होतं. पण अठ्ठावीस वर्षं ती इतर लिहीत आली होती. प्रत्येक यादीच्या तळाशी असतं ते. ज्याला नाव नाही, ज्याच्यासाठी कुणी ओळ राखली नाही, जे कुठेच बसेना, ते तिथे. हे घर तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आतून ठकी आली. एका पायात बूट, एक हातात. आजीला बघून हसली. मग मान वाकडी करून तिच्या मागे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. "आजी कुठे?" ठकी म्हणाली.

तिनं खाली बसून ठकीच्या पायात दुसरा बूट घातला. ठकी घरापर्यंत सगळी वाट बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला विहीण कचेरीत हजर. मुलांचं लग्न ठरल्यापासून तिचा माल याच कचेरीतून सुटायचा. हातात कागदांची जाड फाइल, काखेत नमुन्याची पिशवी, आणि जिन्यापासूनच आवाज.

"विहीणबाई! काल तुमची तारांबळ झाली म्हणे. ठकी रात्रभर सांगत होती, आजी आली, आजी बूट घातला. मी म्हटलं, बघा, मी रोज घालते त्या बुटांचं कधी नाव काढत नाही!"

"तिला रोजच्या माणसाचं काय कौतुक," शहाऐंशीबाई म्हणाल्या. बोलणं गोड होतं. पण आतली वीण ताणली की फासे दिसले असते.

विहिणीला ते कळलं नाही, किंवा कळून तिनं ऐकलं नाही. तिनं पिशवीतून नमुना काढला. गरम कपड्यांचा जोड, वरचा अंगरखा आणि खालची विजार, करडा रंग, छातीवर एक पिवळं बदक. "तीस खोकी आलीत. थंडी तोंडावर आहे. यंदा मी सगळं यातच घातलंय, सांगून ठेवते. बाळाच्या घरात बसलं तर तरले. नाहीतर किमती वाढवाव्या लागतील, आणि समोरचा दुकानदार टपलेलाच आहे."

शहाऐंशीबाईंनी कापड बोटांत घेतलं. डोळे मिटले. विणीचं, आतून मऊ लव. लेबल बघितलं. लिहिलं होतं, '२ वर्षे'. उंची नव्हती.

"उंची नाही लिहिलेली."

"आता ती काय लिहायची? दोन वर्षांचं पोर ते बाळच की! काल ठकीलाच घालून बघितलं. असं बसलं, असं बसलं म्हणून सांगू, जसं तिचं माप घेऊन केलंय. सोडायलाच तयार नव्हती. बदकाला घास भरवत होती."

शहाऐंशीबाईंनी बदकाकडे बघितलं. बदकाच्या चोचीला काहीतरी वाळून चिकटलं होतं.

"बघते मी," त्या म्हणाल्या.

"तुम्ही बघताय म्हटल्यावर मला काय काळजी!" विहीण उठली. जाताना शिपायालाही हसवून गेली.

लेबलावर उंची नसेल तर काय करायचं, याची शिस्त त्यांनीच कचेरीला लावली होती. कारखान्याला लिहायचं, मापांचा तक्ता मागवायचा. त्या तक्त्यात वयासमोर उंची असते. एक ओळीचं पत्र. दिवसभरात उत्तर येतं. एरवी कुणी विसरलं तर त्या फैलावर घेत.

शुक्रवारी त्यांनी ते पत्र लिहिलं नाही.

पत्र मनात होतं, बोटं मात्र टेबलावर पडून राहिली. शंका आहे ना? मग वरचं घर धरलेलं बरं. उद्या तपासणी अधिकाऱ्यानं विचारलं तर निदान दंड तरी नको. असं सगळं स्वतःला समजावत त्यांनी लिहिलं: शहाऐंशीच्या वर. मुलींचे. विणीचे. इतर. शेवटचा शब्द लिहिताना पेन जरा जास्त दाबलं गेलं.

आणि काय सांगावं, बरं वाटलं. खाज सुटलेल्या जागी नख लागावं तसं. त्या तीस खोक्यांमधली सगळी करडी बदकं त्यांना डोळ्यांसमोर दिसली, एका ओळीत, खाली मान घालून.

साहेबांनी सही केली. न वाचता. "सोमवारी दुपारी दाखल करू," ते म्हणाले. "मी विहीणबाईंना कळवतो."

शनिवारी साहेबांनी सहज सांगितलं, "तुमच्या विहीणबाईंशी बोललो. मला वाटलं भांडतील. म्हणाल्या, 'त्यांनी लिहिलंय ना? मग तेच बरोबर. त्या चुकायच्या नाहीत.' फोन ठेवायच्या आधी कर किती बसेल ते पुन्हा एकदा विचारलं, एवढंच. नशीबवान आहात, अशी गिऱ्हाइकं मिळत नाहीत."

नशीबवान! शहाऐंशीबाईंचा तिळपापड झाला. चिडली असती, दोन शब्द बोलली असती, तर हिशेब तिथेच मिटला असता. पण त्या बाईनं भांडायलाही जागा ठेवली नव्हती. विश्वाससुद्धा तिनं दुकानातल्यासारखा, मापाला सढळ दिला होता. आता त्याचाही हेवा करायचा का?

केला.

रविवारी दहाला त्या लेकीकडे गेल्या. चौथा मजला. गॅलरीत ठकीचे कपडे वाळत होते, सगळ्यात टोकाला दुसऱ्या नमुन्यातली करडी विजार. विहीण सोफ्यावर बसली होती, आणि आज तिचा आवाज रोजच्याएवढा मोठा नव्हता. समोर किमतींचा कागद होता, आकडे खोडून पुन्हा लिहिलेले.

चहा झाला. ठकी टोपलीतून एकेक चिमटा काढून दोन्ही आजींच्या साड्यांच्या काठाला लावत फिरत होती. विहिणीच्या काठाला सात, हिच्या काठाला चार. हिनं मोजले.

"विहीणबाई, रागावू नका," विहीण म्हणाली. "तक्रार नाही करत. मला आपलं समजून घ्यायचंय. पुढच्या वेळी मागवताना चूक नको. हे शहाऐंशी म्हणजे कपड्याची लांबी की काय?"

"नाही. अंगाची उंची. ज्या मुलाला तो कपडा नीट बसतो, त्याची."

"मग ठकीला कसा बसला?"

प्रश्न भोळा होता. तो भोळा होता म्हणून टोचला.

"ठकी शहाऐंशीच्या वर असेल," शहाऐंशीबाई म्हणाल्या.

"एवढी? माझी ठकी?" विहिणीचे डोळे चमकले. "बघूच या! ए ठके, इकडे ये. उभी राहा बरं दाराला पाठ लावून. टाचा टेकव. अशी. आता हलायचं नाही, पुतळा!"

ठकी पुतळा झाली. पोट पुढे, हनुवटी वर, ओठ दाबून धरलेले. विहिणीनं तिच्या डोक्यावर एक वही आडवी धरली आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारली. "तुम्हीच मोजा. तुमच्या हातात टेप शोभते."

पिवळी टेप पर्समध्ये होती. ती कायम असायची. शहाऐंशीबाई गुडघ्यांवर बसल्या. एक टोक जमिनीला टेकवलं, दुसरं वर नेलं. रेघ चौऱ्याऐंशीवर होती. अर्धाही पुढे नाही, अर्धाही मागे नाही. चौऱ्याऐंशी.

मागून विहिणीचा श्वास ऐकू येत होता. शेजारी ठकी, अजून पुतळा. आणि समोर तो आकडा, स्वच्छ, काळा. तो वाचला की शुक्रवारचा कागद खोटा ठरणार होता. विहीण पुन्हा मोठ्यानं हसणार होती.

"सत्त्याऐंशी," त्या म्हणाल्या.

"अगं बाई! सत्त्याऐंशी!" विहिणीनं ठकीला उचलून गरकन फिरवलं. स्वतःचा तोटा ती साफ विसरली. "बाळ नाही गं राहिली माझी! मोठी झाली! सत्त्याऐंशी!" रेघेशेजारी तिनं आकडा लिहिला, तारीख घातली. मग फोन घेऊन बसली. बहिणीला सांगितलं, धाकट्या जावेला सांगितलं, मावशीला सांगितलं, दुकानातल्या शिलाईवालीला सांगितलं. "सत्त्याऐंशी! तरी मी म्हणत होते, ही आमच्या वळणावर जाणार!"

आमच्या वळणावर. खोट्यातलेही तीन सेंटिमीटर तिकडेच गेले.

शहाऐंशीबाई टेप गुंडाळत राहिल्या. टेप संपली तरी बोटं गुंडाळत होती.

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ होती कोण जाणे. "ए आई," ती म्हणाली, "जरा आत ये."

आत आल्यावर तिनं दार लोटलं. नळ सोडला. पाण्याच्या आवाजाआड हळू बोलली. "सोमवारी ठकीला डॉक्टरांकडे नेलं होतं. चौऱ्याऐंशी भरली. सहा दिवसांत पोर तीन सेंटिमीटर वाढते?"

आईनं ओल्या ओट्यावर फडकं फिरवलं.

"डॉक्टर चुकले असतील, असं म्हण. मी ऐकेन."

"डॉक्टर नाही चुकले."

"मग टेप चुकीची वाचलीस?"

"माझी टेप कधी चुकलीय?"

"तेच तर मला कळेना!" लेकीचा आवाज चढला, तिनं तो पुन्हा खाली दाबला. "त्या दोन रात्री झोपल्या नाहीत नीट. आकडे मांडतात, खोडतात. आणि वर मलाच सांगतात, तुझ्या आईला बोलू नकोस, तिला वाईट वाटेल. आई, तू त्यांना बुडवायला निघालीस? का?"

नळ वाहत होता. सिंकमध्ये ठकीची वाटी होती, तीत पाणी भरून काठावरून सांडत होतं.

"जळते गं मी," ती म्हणाली.

हा शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून बाहेर काढला होता. वाटलं होतं, मोठा असेल, घशात अडकेल. तीन अक्षरांचा निघाला.

"तिच्या मांडीवर झोपते म्हणून जळते. तू तिला आई म्हणतेस म्हणून जळते. पाळणाघराच्या वहीत ती आजी आहे म्हणून जळते. ती हसते म्हणूनसुद्धा जळते, आता काय सांगू तुला."

लेकीनं नळ बंद केला. आईला जवळ घेईल असं वाटलं होतं, पण तिनं घेतलं नाही. "माझ्यावर जळ," ती म्हणाली. "त्यांच्यावर जळ. पण पोरीला मध्ये घेऊ नकोस. तिची उंची तिची आहे."

बाहेर विहीण पाचव्या माणसाला फोन लावत होती.

सोमवारी शहाऐंशीबाई साडेआठलाच कचेरीत गेल्या. कुलूप त्यांनीच काढलं. कारखान्याला एक ओळ लिहिली: दोन वर्षांच्या मापाची अंगाची उंची कळवा. साडेअकराला तक्ता आला. दोन वर्षे: एक्याऐंशी ते शहाऐंशी. एवढं सोपं होतं. एवढंच सोपं शुक्रवारीही होतं.

कागद घेऊन त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "शुक्रवारचा आकडा चुकला. माझा."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांना वाटलं थट्टा आहे. "तुमचा?"

"तक्ता मागवला नव्हता."

"विसरलात?"

एक होकार दिला असता तर सुटका होती. वय झालं म्हणून साहेबांनी वर सहानुभूतीही दिली असती. "विसरले नव्हते," त्या म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. पुढे काही विचारलं नाही. नवा कागद मात्र त्यांनी वाचला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, बोट ठेवून, आणि मग सही केली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा वाचला. शहाऐंशीबाई तोवर उभ्याच होत्या.

दुपारी त्या दुकानात गेल्या. जेवणाची सुट्टी होती, गिऱ्हाईक नव्हतं. विहीण शिडीवर चढून वरच्या फळीवरची खोकी खाली काढत होती, नव्या मालाला जागा करत. शहाऐंशीबाईंनी खालूनच सांगितलं. कागद बदलला. बाळाचं घर. तुमचा माल शहाऐंशीच्या आत.

"सुटले!" विहीण शिडीवरच टेकली. "देव पावला! अहो, पण ठकी तर सत्त्याऐंशी..."

"चौऱ्याऐंशी. मी खोटं सांगितलं."

"म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम. कागदही मुद्दाम. मला तुमचा हेवा वाटतो."

विहीण एकेक पायरी उतरून खाली आली. तिचा चेहरा इतका गप्प कधी बघितला नव्हता. वाटलं, आता मालाचं बोलेल, तीस खोक्यांचं, तीन रात्रींचं. ते तिनं काढलंच नाही.

"मी तारीख घातलीय त्या रेघेला," ती म्हणाली. "पोर मोठी झाल्यावर बघेल म्हणून."

"पुसता येईल."

"पेन्सिल पुसता येईल हो! माणसांचं काय? पाच जणांना सांगितलं मी. मावशीनं तर गल्लीभर केलं असेल. माझ्या तोंडानं माझ्या नातीचं खोटं सांगायला लावलंत तुम्ही." तिनं गल्ल्यावरचा फोन उचलून पुढे ठेवला. आदळला नाही, ठेवला. "कर भरला असता मी. व्यापारात चालायचंच. पण हे नाही चालायचं. लावा फोन. पाचही जणांना. तुम्ही सांगा."

"मी? त्या मला ओळखतसुद्धा नाहीत."

"मग ओळख करून द्या."

आणि पाठ फिरवून ती पुन्हा शिडीवर चढली.

बहिणीचा फोन लगेच लागला. "कोण? ठकीची आजी? तुमचा आवाज असा का येतोय?" मग सांगावं लागलं, ती नव्हे, दुसरी, आईची आई. उंची चौऱ्याऐंशी. हो, मीच चुकीची सांगितली. पलीकडून नुसतं "बरं," आणि फोन बंद. धाकटी जाऊ म्हणाली, "अय्या, मी तर स्वेटर मोठा धरला की!" शिलाईवाली म्हणाली, "मला वाटलंच होतं." काय वाटलं होतं ते तिनं सांगितलं नाही. प्रत्येक फोनला ओळख नव्यानं द्यायची, आईची आई, आईची आई, आणि प्रत्येक फोनला कान तापत जायचे. वर शिडीवर खोकी सरकल्याचा आवाज येत होता, एरवी काही नाही.

चौथा मावशीला. मावशीला ऐकू कमी.

"कोण? भाजीवाली?"

"नाही हो. ठकीची आजी!"

"ठकीची आजी माझी भाची. तू कोण?"

"मीपण आजी! आईची आई!"

"आईची आई? कोणाच्या? तुझी आई अजून आहे?"

शहाऐंशीबाईंनी घाम पुसला. "ठकीच्या आईची आई! ठकीची उंची सत्त्याऐंशी नाही! चौऱ्याऐंशी!"

"चौऱ्याहत्तर?"

"चौऱ्या-ऐंशी!"

"चौऱ्याण्णव? अगं, मग शाळेत घाला तिला!"

वर खोक्यांचा आवाज थांबला. शहाऐंशीबाईंनी मान वर केली. विहीण पाठमोरी होती, एक हात फळीवर, आणि तिचे खांदे हलत होते. रडते की काय? मग हातातलं खोकं डगमगलं आणि तिच्या नाकातून एक आवाज निसटला. हसत होती. राग जसाच्या तसा ठेवून, तोंड फळीत खुपसून, ओठ दाबून हसत होती. आणि ते हसणंसुद्धा काय सुरेख होतं, मेलं. पुन्हा एकदा, खालून, पोटात दुखलंच.

"अहो मावशी!" त्या फोनमध्ये ओरडल्या. रस्त्यावरचा माणूस थांबून काचेतून आत बघू लागला. "शाळेत नका घालू! शहाऐंशीच्या आतच आहे ती! अजून बाळ आहे! बाळ!"

"मग तसं सांग की," मावशी म्हणाली. "ओरडतेस कशाला?"

आणखी एक फोन उरला होता.